मामांचं एकुलतं एक गुपित

तोंडात तीळ न भिजणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. माझ्या माहेरी, मिरजेला, एक काकू होत्या. कुणाचं लग्न मोडलं तर मोडणाऱ्यांच्या आधी त्यांना कळायचं आणि त्यांच्या आधी अख्ख्या आळीला. पण माझे मामेसासरे, म्हणजे नवऱ्याचे सख्खे मामा, या सगळ्यांच्या वरताण. त्यांच्या तोंडात तीळ भिजायचा प्रश्नच नव्हता, कारण तीळ भिजायला आधी तोंड मिटावं लागतं. आणि देवाची करणी बघा, या माणसाला त्यानं धंदा दिला तो औषधाच्या दुकानाचा! जिथे माणसं खाली मान घालून, आवाज बारीक करून, मागे ओळखीचं कुणी उभं नाही ना हे बघून तोंड उघडतात, तिथे काउंटरमागच्या उंच स्टुलावर मामा बसलेले असायचे. तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत कुणाला काय झालंय हे डॉक्टरांना उशिरा कळे. मामांच्या दुकानासमोरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला ते आधी ठाऊक असे.

असं कुणी म्हटलं की मामांना मनापासून वाईट वाटायचं. "अगे पोरी, मी एवढा जपोन बोलतों की!" असं ते मला कळवळून सांगायचे. आणि ते खरंच जपायचे, त्यांच्या पद्धतीनं. पद्धत अशी, की गुपित असलं की ते मराठीत बोलायचं. चहूकडे तमिळ, मधे आपण मूठभर मराठी. मराठीत बोललं की कुणाच्या बापाला कळतंय, असा त्यांचा पिढीजात समज. ही सवय तंजावरच्या मराठी घरांत मी सगळीकडेच पाहिली. भाजीवाल्यासमोर, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुणाबद्दल काही बोलायचं झालं की मंडळी चटकन तमिळमधून मराठीत शिरतात, घरात शिरून कडी लावावी तशी. फरक एवढाच, की बाकीचे कडी लावून कुजबुजतात आणि मामा कडी लावून ओरडायचे. कुलूप घातलंच आहे, मग आवाज कशाला कमी करायचा? फक्त ते एक विसरायचे, की आमची गल्लीच मराठी माणसांची. समोरचं घर मराठी, शेजारचं मराठी, आणि जे मराठी नव्हते तेही बापजाद्यांपासून आमच्यातच राहिलेले. कोपऱ्यावर गजरे विकणारी बाई तर मराठीतून भांडायचीसुद्धा, आणि माझ्यापेक्षा बरं भांडायची.

एकदा गल्लीतले एक निवृत्त हेडमास्तर दुकानात आले. मी माझ्या नंबराची वाट बघत मागे उभी होते, माझ्या मागे आणखी चारजण. हेडमास्तरांनी वाकून मामांच्या कानात काहीतरी सांगितलं. मामांनी मान डोलावली, आणि खणखणीत आवाजात, शुद्ध तंजावरी मराठीत विचारलं, "बसतांना दुखतें कीं उठतांना? रक्त जातें कां?" हेडमास्तरांचे कान लाल. "हळू, हळू बोला हो," ते म्हणाले. "मराठींत बोलतों की, सार! कोणास कळतें?" मामा म्हणाले. तेवढ्यात कोपऱ्यावरून गजरेवाल्या बाईनं ओरडून, अगदी मायेनं, मराठीतच सल्ला दिला, "सार, ऊन पाण्यांत बसा. माझ्या नवऱ्यास त्यानेंच गुण आला." हेडमास्तर पुढे बरेच दिवस वळसा घालून राजवाड्याच्या पलीकडच्या रस्त्यानं जात असत. मी मामांना म्हटलं, "मामा, बाईला सगळं कळलं की!" मामा शांतपणे गोळ्यांची पट्टी कापत म्हणाले, "तिज दोन शब्द येतात गे. अंदाजानें बोलली."

मला दिवस राहिले तेव्हाची गोष्ट तर विचारूच नका. दुकानातून चाचणीची ती पट्टी घेऊन मी घरी चालत आले, तोवर सासूबाईंनी केसरीसाठी रवा भाजायला घेतला होता. केसरी म्हणजे आपला शिराच, पण तिकडे तो केशरी रंगाचा आणि तुपात पोहणारा. माझी परीक्षा व्हायच्या आधी माझा निकाल गल्लीत लागला होता. निकाल खरा निघाला हे माझं नशीब, नाहीतर त्या शिऱ्याचं मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

वर मराठीच्या बाबतीत मामा मलाच नावं ठेवायचे. माझी मिरजेची मराठी त्यांना बिघडलेली वाटे. "तुमच्याकडे भाषा फार धांवते," ते म्हणायचे, "आम्हीं आणिली तशी जपोन ठेविली, तुम्हीं घरीं राहोन सांडली." यावर काय बोलणार, कप्पाळ! लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं बोलणं ऐकून मला हसू आवरायचं नाही. हळूहळू माझ्या कानाला त्याची इतकी सवय लागली, की माहेरी गेल्यावर सगळेजण घाईत असल्यासारखे वाटायला लागले.

पण माणूस औषधाचा पक्का. खोकल्यावरून माणूस ओळखायचे. पाठ करून कपाटात काही शोधत असले आणि मागे कुणी खोकलं, की वळून न बघता म्हणायचे, "ये आक्का, अजोन कोरडाच कां?" लहान मुलांचं कुठलंही पातळ औषध दुकानात नवीन आलं, की आधी थेंबभर स्वतः चाखून बघायचे आणि ते फारच कडू निघालं तर कंपनीच्या माणसाला उभा करून झापायचे. नुसती गोळी त्यांनी कधी कुणाला दिली नाही. गोळीबरोबर काय जेवलास, कधी झोपलास, सासूशी पटतंय का, इथवर चौकशी व्हायची आणि शेवटी मिरीचं रसम प्यायचा हुकूम. लोक वैतागायचे, "या माणसाच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकणार नाही" अशा शपथा घ्यायचे, आणि पुढच्या तापाला पुन्हा तिथेच यायचे. कारण औषध घेऊन गेलेल्या माणसाच्या दारावरून दुसऱ्या दिवशी सकाळी मामांची सायकल जायची आणि रस्त्यातूनच हाक यायची, "ताप उतरला कीं नाहीं?" साऱ्या गल्लीला तुमचा ताप कळायचा हे खरं, पण साऱ्या गल्लीतून तुमच्याकडे पेजही यायची. कंजी म्हणतात तिकडे पेजेला. मी आजारी पडले की घरात कंजीची इतकी भांडी जमायची, की परत करताना कुणाचं कुठलं ते कळायचं नाही.

मग करोना आला. दुकानासमोर दोरी बांधली गेली, लोकांनी लांब उभं राहून बोलायचं असा नियम झाला, आणि मामांना ओरडायला जणू सरकारी परवानाच मिळाला. तोंडावर मास्क, त्यावरून आणखी ओरडणं. लोक इतके धसकले, की दुकानावरून जाताना आलेला खोकला गिळून टाकायचे आणि कोपरा ओलांडल्यावर मोकळा करायचे. आज हसू येतं, पण तेव्हाची भीती वाईट होती. ज्या घरात रोग निघाला त्या घराला पत्रे लागायचे, दारावर कागद चिकटायचा, दूधवाला लांबून पिशवी ठेवून पळायचा. त्यामुळे लोक आजार लपवायला लागले. मामांना कळू नये म्हणून पलीकडच्या रस्त्यावरून कुणाकरवी तरी तापाच्या गोळ्या मागवायचे. मामांना ते कळायचंच. मग ते दुकान बंद झाल्यावर त्या घरासमोर जाऊन उभे राहायचे आणि दार उघडेपर्यंत हाका मारायचे. "खोकला लपवितां येतो, दम लपवितां येत नाहीं," हे वाक्य त्या दिवसांत त्यांनी किती दारांसमोर म्हटलं असेल! एक बडी आसामी मोबाईलवर आलेला कुठलासा मजकूर दाखवून भारीतली औषधं मागायला आली, साऱ्या कुटुंबासाठी, ताप कुणालाच नसताना. मामांनी त्यांना दोरीच्या पलीकडेच थोपवलं. "हें औषध आहे, प्रसाद नव्हे अवघ्यांस वाटावयास. डाक्टरांची चिठ्ठी आणा, नाहीं तर रसम प्या." तेही मराठीत, म्हणजे त्यांच्या मते अगदी खासगीत.

दुसऱ्या लाटेत पाळी आमच्यावर आली. माझा नवरा सरकारी कचेरीत, तेव्हा तंजावरजवळच्याच ओरत्तनाडु गावी कामावर होता. तिथेच त्याला ताप भरला, दम लागला, आणि तिथल्या लोकांनी त्याला परस्पर तंजावरच्या मोठ्या इस्पितळात आणून दाखल केलं. त्याच सुमारास इकडे घरी सासूबाईंना आणि मला ताप आला. लेक तेवढी माझ्या माहेरी, मिरजेला अडकली होती, म्हणून सुटली. सासूबाईंचं हृदय आधीच नाजूक. इस्पितळात खाट मिळायची शक्यता नव्हती. डॉक्टर फोनवर म्हणाले, "यांचा ऑक्सिजन अगदी काठावर आहे. घरीच ठेवा, औषधं वेळेवर द्या, पालथं झोपवा. आणि मुलाचं यांना काही कळू देऊ नका. धक्का सोसायचा नाही." म्हणून मी सासूबाईंना सांगितलं, की हे ओरत्तनाडुला अडकलेत, रस्ते बंद आहेत आणि तिथे फोन नीट लागत नाही. त्या "बरें" म्हणाल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या.

आता इस्पितळाच्या दाराशी रोज जाणार कोण, नवऱ्याची खबर आणणार कोण? मामाच. म्हणजे एका बाजूला माझ्या नवऱ्याचा जीव टांगलेला, दुसऱ्या बाजूला त्याच्या आईचा, आणि मधलं गुपित कुणाच्या तोंडात, तर जे तोंड तंजावरात कधी मिटलं नाही त्या तोंडात! सासूबाई मामांच्या सख्ख्या थोरल्या बहीण. त्यांची खाट माडीवर, रस्त्याकडच्या खिडकीला लागून. मामा रोज सकाळ-संध्याकाळ खिडकीखाली येणार, औषधं देणार आणि बोलणार. मी मागच्या अंगणात जाऊन, नळ सोडून, पाण्याच्या आवाजात मामांना फोन केला. नळ सोडला कारण मामांचा फोनमधला आवाजसुद्धा माडीवर ऐकू जायचा. मी रडतच म्हटलं, "मामा, पाया पडते तुमच्या. आईंना कळलं तर त्या हातच्या जातील." पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मामांच्या फोनवर शांतता मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग ते म्हणाले, "पोरी, खोटें काय सांगूं? मजवर माझाच भरवसा नाहीं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले ते तोंड बांधून. मास्कवर मास्क, आणि त्यावरून तुंडू, म्हणजे खांद्यावरचा पंचा, मानेमागे घट्ट गाठ मारून. मी खिडकीतून दोरीनं टोपली खाली सोडली. त्यांनी औषधं टोपलीत ठेवली, वर बहिणीकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता हातवारे सुरू केले. आधी पूर्वेकडे बोट, म्हणजे सकाळी. मग पोटावरून हात, म्हणजे जेवून. मग चिमूट तोंडाशी नेऊन मान मागे, म्हणजे गोळी. पंचा डोक्यावर घेतल्यासारखं करून वाफ, बोट चिमटीत धरून ऑक्सिजन बघायचं यंत्र. शेवटी हात नाचवून रसम! आमची सगळी गल्ली घरात कोंडलेली. बघता बघता खिडक्या भरल्या. पहिल्या दिवशी लोक नुसते बघत राहिले. मग अर्थ लावायला लागले. "रात्रीं एक, जेवोन!" गजरेवाली बाई तिच्या दारातून ओरडायची. "रात्रीं नव्हे, तिन्हीसांजा," हेडमास्तर त्यांच्या गच्चीतून दुरुस्ती करायचे. मामा जोरजोरात मान हलवून बरोबर की चूक ते सांगायचे. साऱ्या गल्लीला आमची औषधं पाठ झाली. मी स्वतः तापात होते, कॉफीला वास नव्हता, रसमाला चव नव्हती, जिना चढले की भिंत धरून उभं राहावं लागायचं, आणि तरी त्या खिडकीत मी हसायची. हसता हसता खोकला यायचा.

सासूबाई मात्र पालथं झोपायला काही केल्या तयार होईनात. "मी काय तान्हें मूल आहें?" म्हणायच्या. मी अंगणातून मामांना हे सांगितलं. त्या संध्याकाळी मामांनी रस्त्यावर, कुणाच्या तरी दारातल्या रांगोळीशेजारी, पांढऱ्या वेष्टीसकट, म्हणजे तिकडच्या लुंगीसारख्या धोतरासकट, सरळ पालथं लोटांगण घातलं. गाल एका बाजूला, हात डोक्याशी, आणि पाठ वरखाली करून श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं. केवढं हसली गल्ली! कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सासूबाईसुद्धा हसल्या, पण झोपल्या उताण्याच. मामांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा लोटांगण घातलं, आणि मग ते रोजचंच झालं. जाता-येता लोक त्यांच्यासाठी रस्त्याचा तेवढा तुकडा झाडूनही ठेवायला लागले.

मग तो दिवस आला. दुपारी मामांचा फोन आला, मी नळ सोडून उभी राहिले. ते म्हणाले, "त्यास अतिदक्षतेच्या खोलींत हालविलें आहे, डाक्टर म्हणतात आज कांहीं सांगतां येत नाहीं." एवढंच, आणि फोन बंद. मी त्या पाण्याखाली डोकं धरून किती वेळ बसले मला आठवत नाही. पण वर जायचंच होतं, तोंड पुसून, नीट चेहऱ्यानं. संध्याकाळी मामा नेहमीच्या वेळी आले. हातवारे केले, सगळे केले, गोळी, वाफ, रसम. मग रस्त्यावर पालथे झाले. गल्ली हसली, गजरेवालीनं काहीतरी टोमणा मारला. मामा उठेनात. हसणं हळूहळू थांबलं. रस्त्यावर एक म्हातारा माणूस तोंड खाली घालून पडला होता, आणि खिडक्यांतली सगळी माणसं बघत होती. मला कळत होतं तो काय करतोय. मी सासूबाईंच्या मागे गज धरून उभी होते, माझा दम रोगानं लागला होता की भीतीनं, मला सांगता आलं नसतं. शेवटी सासूबाईच खिडकीतून हलक्या आवाजात म्हणाल्या, "ऊठ रे बाबा. रस्ता तापला आहे." मामा उठले, आमच्याकडे पाठ करूनच वेष्टी झटकली आणि मागे न बघता निघून गेले.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "कंजी आण," त्या म्हणाल्या, "भरपूर आण. आणि मज पालथी निजव." त्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी वाटीभर कंजी संपवली. मग मी त्यांना उशा लावून पालथं केलं, आणि त्या तशाच, एक अक्षर न बोलता, पडून राहिल्या. पुढेही रोज. त्यांचा ऑक्सिजन हळूहळू वर यायला लागला. मला वाटलं, चला, मामांच्या लोटांगणाला देव नाही पण बहीण तरी पावली.

माझा नवरा वाचला. त्या रात्रीतून आणि नंतरच्या कितीतरी रात्रींतून तो कसा बाहेर आला हे डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. घरी आला तेव्हा गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. सासूबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ओरत्तनाडुचें पाणी तुज मानवलें नाहीं." इतकंच. सगळे ठणठणीत झाल्यावर मग मामांच्या तोंडावरचा पंचा सुटला, आणि काय सुटला! खाटेशी खुर्ची ओढून त्यांनी बहिणीला सगळी हकिगत सांगितली. "आक्का, एवढे दिवस तुज कळों दिलें नाहीं! मी! मी तोंड मिटोन राहिलों!" सासूबाईंनी दोन्ही हात गालांवर मारून घेतले. "अय्यय्यो! काय सांगतोस! मज मेलीस कांहीं म्हणोन कळलें नाहीं!" मामांचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! त्यानंतर ही हकिगत त्यांनी प्रत्येक मुंजीत, प्रत्येक बारशात सांगितली. सासूबाई समोर असल्या तर दर वेळी नव्यानं थक्क व्हायच्या.

एका दुपारी भाजी निवडताना मी सहज म्हटलं, "आई, तुम्हाला खरंच शंका नाही आली?" त्यांनी हातातली शेंग सोलली. मग म्हणाल्या, "अगे, तो पहिल्या दिवशीं तोंड बांधोन आला तेव्हांच कळलें. माझा भाऊ बोलत नाहीं म्हणजे घरांत कांहीं भयंकर जाहलें आहे, हें मज सांगावें लागतें कां? आमचा बाप गेला, तेव्हां तो असाच गप्प बसला होता." मी म्हटलं, "आणि त्या दिवशी, ते उठले नाहीत तेव्हा?" "पाठ हालत होती त्याची. श्वास घेतांना पाठ अशी हालत नाहीं." मी विचारलं, "मग कळलंय हे सांगितलं का नाही?" "काय सांगूं? तो माझ्यासाठीं आयुष्यांत पहिल्यांदा कांहीं राखीत होता. मी म्हटलें असतें मज ठाऊक आहे, तर तो रडला असता, मग तूं, मग मी. रडावयास दम कोणाकडे होता गे? म्हणोन म्हटलें, जेवावें आणि पालथें पडावें. तेवढेंच हातीं होतें." मग त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, की मामांना हे कधीही कळता कामा नये.

हे मी इथे बिनदिक्कत लिहिते आहे, कारण मामांना देवनागरी वाचता येत नाही. ते मराठी लिहितात ते तमिळ अक्षरांत. तेव्हा तुम्हांपैकी कुणी तंजावरला गेलात आणि राजवाड्यामागच्या गल्लीत मोठ्यानं बोलणारे एक म्हातारे गृहस्थ भेटले, तर कृपा करून गप्प बसा. मराठीत तर मुळीच बोलू नका.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. वयानं, झोपेत, कुठल्याही रोगाला दोष न देता. मामांनी दुकानही सोडलंय, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. खोकला आला तर लोक पलीकडच्या चकचकीत दुकानात जातात. तिथली मुलगी हसून गोळ्या देते, काही विचारत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला का म्हणून कुणी हाक मारत नाही. मला ते फार सुनं वाटतं. आम्ही ज्या हाकांना कंटाळलो होतो, त्या हाकांच्या जिवावर आम्ही निर्धास्त आजारी पडत होतो, हे आता कुठे कळलं.

सासूबाईंचे दिवसवार उरकल्यावर एका संध्याकाळी मामा आमच्या ओट्यावर बसले होते. मी कॉफी आणून दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, प्यायली नाही. मग इकडेतिकडे बघून, आवाज अगदी खाली आणून विचारलं, "पोरी, खरें सांग. आक्कास ठाऊक होतें कां?"

मी म्हटलं, "नाही मामा. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

ते मान हलवत राहिले. "तरी मज कधीं कधीं वाटे..." ते म्हणाले, आणि तिथेच थांबले. आम्ही दोघं कॉफी निवेपर्यंत तसेच बसून राहिलो.